वांकलेली पाठ आणि छातींतील जळजळ

आषाढाच्या सरी कोसळूं लागल्या, म्हणजे आमच्या डहाणू व तलासरी भागांत जिकडे तिकडे एकच देखावा दिसतो. चिखलांत स्त्रियांच्या रांगा कमरेंत वांकून भाताची आवणी करीत असतात. पुढें भात कापणें, मग गवत कापणें, मग लाकडांची मोळी वाहणें. वर्ष सरतें, पण पाठीचें वांकणें सरत नाहीं. विद्यार्थ्यांच्या घरीं आम्ही जातों, तेव्हां ओटीवरील आजीबाई गुडघ्यावर हात टेकूनच उठतात. प्रकृतीची विचारपूस केली, तर हळूच म्हणतात, "गुरुजी, छातींत जळतें, आंबट पाणी वर येतें." घरचीं माणसें म्हणतात, "पित्त झालें असेल."

या दोन व्यथांचें पुष्कळदां नातें असतें. अन्न पचविण्याकरितां जठरांत तीव्र आम्ल तयार होतें. तें जठरास सोसतें, अन्ननलिकेस सोसत नाहीं. म्हणून दोहोंच्या सांध्यावर स्नायूंचें एक वळें असतें. तें घांस खालीं जाऊं देतें व पुन्हां आवळून बसतें. छाती व पोट यांमधील पडदाही त्यास बाहेरून आधार देतो. हें आम्ल वर चढून अन्ननलिकेचा दाह करतें, असें १९३५ सालीं अमेरिकन डॉक्टर अ‍ॅशर विंकेलस्टाइन यांनीं मांडलें. आतां पाठ पुढें वांकली, कीं बरगड्या कमरेकडे उतरतात, पोटाची जागा आंखडते, आंतील दाब वाढतो व जठर वर ढकललें जातें. कधीं त्याचा कांहीं भाग पडद्याच्या भोंकांतून छातींतही शिरतो. जपानांतील संशोधकांनीं वृद्धांची पाहणी केली, तेव्हां ज्यांचा कमरेचा कणा पुढें वांकला होता त्यांच्यांत ही जळजळ अधिक आढळली. म्हातारपणीं हाडें विरळ होऊन मणके पुढच्या बाजूनें चेपतात, त्यानेंही पाठ वांकते. अर्थात् प्रत्येक वांकलेल्या माणसास हा विकार होतोच असें नाहीं, आणि सरळ पाठीच्या माणसासही तो होतो.

लूककृत शुभवर्तमानांत अठरा वर्षें वांकून राहिलेल्या स्त्रीची हकीकत आहे. तिनें कांहीं मागितलें नव्हतें. प्रभूनें तिला पाहिलें व जवळ बोलाविलें. घरांतील आजीही सहसा कांहीं मागत नाहीं. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, पाहण्याचें काम तुमचें.

सर्वांचीं जेवणें उरकल्यावर ती जेवते आणि दमून लगेच आडवी होते. तिला आधीं वाढा. जेवण व निजणें यांत दोन-तीन तासांचें अंतर राहूं द्या. खाट असेल तर उशाकडील पायांखालीं विटा ठेवून तें टोंक सहा इंच उंच करा. नुसत्या उशा वाढविल्यानें अंग मध्येंच दुमडतें व पोटावरील दाब वाढतो. डाव्या कुशीवर निजल्यास आराम पडतो. पोटाशीं वस्त्र घट्ट आवळूं नये. जमिनीवरील घागर, सूप, लाकडें तुम्ही उचलून द्या. तिला वारंवार वांकूं देऊं नका.

पालकांसही आमची विनंती आहे. जळजळ वारंवार होत असेल, तर महिनोन् महिने सोडा पाजीत बसूं नये. तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयांत किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयांत दाखवावें. घांस अडकूं लागला, वजन घटलें किंवा शौचास काळें झालें, तर मुळींच विलंब करूं नये. छातींत दाटून घाम सुटला, कळ हातांत वा जबड्यांत गेली, तर तें पित्त न समजतां हृदयविकाराची शंका धरून तत्काळ निघावें. आणि मुलाचा एक खांदा उंच दिसला, अथवा पाठीस कुबड येऊं लागलें, तर तेंही वेळींच दाखवावें. वाढत्या वयांतील कणा फार झपाट्यानें वांकूं शकतो.

तुमचें शिक्षण ज्या पाठींच्या श्रमांवर चाललें आहे, त्या पाठींची एवढी सेवा तुमच्या हातून घडो.