साडेसहा

आमच्या बौद्धवाड्यात इंग्रजी आली ती खताच्या पोत्यावर बसून. पोतं रिकामं झालं की आई मालकाच्या वस्तीवरून मागून आणायची, धुवायची, चार पोती एकमेकाला टाचून अंथरायची. त्यावर पालथा पडून मी अक्षरं गिरवायचो. यू, आर, ई, ए. त्याच पोत्यावर खाली छापलेलं असायचं, यूज नो हुक्स. हे हमालासाठी आहे, पोत्याला आकडा लावू नकोस असं सांगतंय, हे मला कॉलेजात कळलं. माल फाटू नये म्हणून साहेबाच्या भाषेत सूचना, आणि ती वाचायची कुणी, तर ज्याला अक्षरओळख होऊ दिली नाही त्या हमालानं. या देशात इंग्रजीचा कारभार असा चालतो.

सरकारनं २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आणली. त्याआधी मराठी शाळेत ती पाचवीला सुरू व्हायची. म्हणजे मी पहिलीवाल्या पिढीतला आणि शिकवणारे गुरुजी पाचवीवाल्या पिढीतले. त्यांनी जीव तोडून स्पेलिंगं पाठ करून घेतली. पण बोलायचं कुणाशी? म्हशीशी?

मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण परदेशी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायच्या विचारात आहेत, म्हणून हे लिहितोय. तिकडचं विद्यापीठ म्हणतं, मार्कलिस्ट ठीक आहे, पण इंग्रजीचा दाखला आणा. आपल्याला दाखल्यांची सवय आहेच. जातीचा, उत्पन्नाचा, डोमिसाईल, वर जात पडताळणी. त्यात हा आणखी एक. फक्त हा तहसीलमध्ये मिळत नाही आणि दोन वर्षांनी शिळा होतो. मी दिली त्या परीक्षेचं नाव आयईएलटीएस. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, आणि प्रत्येकाला शून्य ते नऊ बँड. मला पाहिजे होते एकूण साडेसहा, आणि कुठल्याही भागात सहाच्या खाली चालणार नव्हतं.

मी फॉर्म भरला तेव्हा फी सतरा हजारांच्या वर होती. आमच्याकडं बाईचा खुरपणीचा रोज तीनशे. भागाकार करून बघा. छप्पन रोज भरून वर थोडं उरतं, तेही पाऊस आणि आजारपण धरलं नाही तर. आई बचत गटाच्या बैठकीत उठली आणि म्हणाली, "पोराला परीक्षेला पायजेत."

"कसली गं परीक्षा एवढ्या पैशाची? नोकरी लागनार हाय का?"

"न्हाई. इंग्रजी येती का बघत्यात."

एक म्हातारी म्हणाली, "आगं मग हितंच बोलून दाव म्हनावं. आमी फुकाट बघतो."

सगळ्या हसल्या आणि कर्ज मंजूर केलं. महिना दोन टक्क्यानं. परीक्षा एकदा हुकली की पुन्हा तेवढेच पैसे, हे मी त्या बायांना सांगितलं नाही. आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग हुकवू नगंस."

१९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले तेव्हा ही भानगड नव्हती. अमेरिकेची टोफेल १९६४ साली सुरू झाली, आणि मी दिली ती १९८९ साली. बाबासाहेबांची परीक्षा घरातच झाली होती. रामजी सुभेदारांनी तर्खडकरांची भाषांतरमाला पोराकडून घोटून घेतली. सावित्रीमाईंनी तर १८५४ च्या ‘काव्यफुले’तच आपल्या लोकांना इंग्रजी शिकायला सांगितलं. तरी आजही कुणी तरी उठतो आणि म्हणतो, इंग्रजी ही साम्राज्यवादाची भाषा. असेल. पण असं म्हणणाऱ्याची पोरं कुठल्या शाळेत जातात ते आधी विचारा.

पुण्यात एका क्लासमध्ये नाव घातलं. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी वहीवरचं आडनाव दोनदा वाचलं आणि म्हणाले, "स्कॉलरशिपवाले ना? तुम्हाला काय, सहा पुरतात." बाकीच्यांना त्यांनी किती पाहिजेत ते विचारलं होतं. मला सांगितलं. तीन आठवड्यांत मी तो क्लास सोडला आणि उरलेले पैसे मागितले. ते काही मिळाले नाहीत.

मग हॉस्टेलवरच सुरू केलं. एका खोलीत आम्ही चौघं. एकजण पोलीस भरतीवाला, पहाटे चारला उठणारा. एकजण रात्री स्विगीची डिलिव्हरी करून एकला येणारा. ऐकण्याचा सराव या दोघांच्या मधल्या तीन तासांत. टेप एकदाच वाजते. चाळीस प्रश्न, साधारण अर्धा तास. पहिल्या भागात कुणी तरी फोनवर काही तरी बुक करत असतं. सुटीसाठी कॉटेज, जिमचं सभासदत्व, सायकलींची सहल. इंग्रजी अवघड नव्हती, आयुष्य अनोळखी होतं. कॉटेज भाड्यानं घेताना माणूस काय काय विचारतो हे घरात बघितलेलं असतं, तर अर्धी उत्तरं ऐकायच्या आधीच कळली असती. ज्यांनी ते बघितलंय त्यांना ही परीक्षा भाषेची वाटते. यावर उपाय एकच. प्रश्न आधी वाचायचे, रिकाम्या जागी आकडा येणार की नाव येणार हे ताडून ठेवायचं, आणि थर्टीन-थर्टीला कान टवकारायचा. शेवटचा एस सुटला तरी उत्तर चूक धरतात. अ‍ॅकोमोडेशनमध्ये दोन सी, दोन एम. स्विगीवाला झोपेत बरळायचा, "दोन सी, दोन एम."

वाचनात साठ मिनिटांत तीन लांबलचक उतारे. त्यात एक प्रकार असतो, ज्याच्यावर मी जीव लावला. विधान दिलेलं असतं आणि तुम्ही सांगायचं ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन. उतारा विधानाच्या उलट बोलत असेल तर फॉल्स. उतारा त्याबद्दल काही बोलतच नसेल तर नॉट गिव्हन. पोरं इथंच गडबडतात, कारण आपल्याला जे सापडत नाही ते खोटं समजायची सवय लावलेली आहे. मला हे चटकन कळलं. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात माझा पणजा फॉल्स नाहीच. तो नॉट गिव्हन आहे.

सरावाला मी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ घेतलं. परक्या वाचकाला अस्पृश्यता कळावी म्हणून बाबासाहेबांनी लिहून ठेवलेल्या आठवणी. १९०१ साल, मसूर स्टेशन, नवे कपडे घातलेली पोरं. स्टेशनमास्तर जात विचारतो आणि मागं सरतो. मग गाडीला दुप्पट भाडं, आणि गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. वाक्यं लहान, सरळ. क्लासमध्ये सांगायचे, अवघड शब्द पेरा, बँड वाढतो. मी हे पुस्तक वाचलं आणि पेरणी बंद केली.

लिहिण्याचा माझा भाग सगळ्यात कच्चा. एका तासात दोन लेखन. पहिलं किमान दीडशे शब्दांचं, आकृती बघून वर्णन करायचं. दुसरं किमान अडीचशेचं, त्याला वजन दुप्पट. त्यात बऱ्याचदा म्हणतात, दोन्ही बाजू मांडा आणि तुमचं मत द्या. आपण चळवळीतली पोरं. आपल्याला एकच बाजू येते, आणि ती घोषणेत येते. दोन्ही बाजू मांडणं म्हणजे तडजोड असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ बघा. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं भाषण, १९३६ साली होऊ दिलं नाही म्हणून बाबासाहेबांनी स्वतः छापलं. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी काय केलं, तर गांधींनी ‘हरिजन’मध्ये केलेली टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि मग तिला उत्तर दिलं. विरोधकाला आपल्या ओसरीवर बसवून, त्याचं सगळं म्हणणं लोकांना ऐकवून, मग बोलले. मी रोज पहाटे एक विषय घ्यायचो आणि पहिला परिच्छेद क्लासच्या त्या सरांच्या तोंडचा लिहायचो. दुसरा माझा.

बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची, समोरासमोर. सुरुवातीला पूर्ण नाव विचारतात, मग गाव. तिकडं हा नुसता घसा मोकळा करायचा प्रश्न. आपल्याकडं पूर्ण नाव आणि गाव विचारणारा माणूस काय शोधत असतो ते तुम्हाला सांगायला नको. आरशासमोर उभा राहून मी पन्नास वेळा आडनाव उच्चारलं असेल, आवाज खाली न आणता.

मग एक कार्ड देतात. एक मिनिट विचार, दोन मिनिटं बोलणं. सरावात एक कार्ड होतं, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूबद्दल बोला. घरात जुनं काय? भांडी विकली गेली, घर दोनदा पडलं. आज्याकडं येसकराची काठी होती, घुंगरं लावलेली, ती घेऊन गावात भाकरी मागायला फिरायचं. १९५६ ला दीक्षा घेतल्यावर आज्यानं ती तोडून चुलीत घातली. आजी सांगायची, त्या जाळावरच्या भाकरी फार फुगल्या. मी त्या नसलेल्या काठीबद्दल दोन मिनिटं इंग्रजीत बोललो. ऐकणारा मित्र म्हणाला, "अरे, घड्याळ सांग की. सोपं पडतं." मी काठीच ठेवली.

परीक्षेत मात्र वेगळंच कार्ड आलं. पाण्याजवळच्या, तुम्ही पाहिलेल्या एखाद्या जागेबद्दल बोला. मी एक मिनिट घेतलंच नाही. महाड, चवदार तळं, २० मार्च. मी एसटीनं गेलो होतो ते सांगितलं, मग १९२७ ला आलो. सभा संपली, लोक रांगेनं निघाले, बाबासाहेब पुढं. नेमके लोक तळ्याच्या पायऱ्या उतरत होते आणि बाईंनी हात वर केला. दोन मिनिटं संपली. पाणी प्यायचं राहिलं.

त्यांचा काही दोष नाही, त्यांना ठरलेलेच प्रश्न विचारायचे असतात. पुढचा प्रश्न त्यांनी कागदावरून वाचला. तुमच्या देशात लोकांना पाण्याजवळ जायला का आवडतं?

मी म्हणालो, माझ्या देशात ते कुठले लोक यावर अवलंबून आहे. आणि मघाशी अर्धवट राहिलेल्या माणसांना त्या उत्तरात खाली उतरवलं, ओंजळ भरून पाणी पाजलं. बाईंनी पहिल्यांदा कागदावरून मान वर केली. मग पुढचा प्रश्न.

निकाल आला. ऐकणं साडेसहा, वाचणं सात, लिहिणं सहा, बोलणं सात. सरासरी काढून एकूण साडेसहा. आईला फोन केला.

"किती पडलं?"

"साडेसहा."

"कितीपैकी?"

"नऊपैकी."

"म्हंजी पास?"

"त्यात पास-नापास नसतंय, आई."

"मग एवढं पैसं कशाचं घेतलं रं त्यांनी?"

माझा विषय आहे गावातलं पाणी आणि जात. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये २०२२ साली नियम घातला, की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातले सामाजिक अभ्यास हे विषय घेता येणार नाहीत. म्हणजे जायचं तर जा, घरातलं बाहेर सांगू नका. म्हणून मी राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलाय. महाराष्ट्रभरातून पंचाहत्तर जागा. यादी लागायची आहे. गटाचे आठ हप्ते गेले, चार राहिले.

माझी वही सध्या जुन्नरकडच्या एका पोराकडं आहे, तो डिसेंबरात बसतोय. ज्याला हवी त्यानं हॉस्टेलवर येऊन त्याच्याकडून घ्यावी. मधली आकृत्यांची पानं सुटली आहेत, ती दोऱ्यानं शिवून घ्या.