एक ओळ खाली

वडिलांच्या पश्चात अहमदपूरच्या घरामागे, चिंचेच्या सावलीत, दोन पावसाळे उभी राहिलेली ती २००८ सालची पिकअप लोखंडाच्या भावाने मोडीत द्यावी, असाच बहुतेक आप्तेष्टांचा सल्ला होता. परंतु ज्या गाडीतून त्यांनी वर्षानुवर्षे तुरीची आणि सोयाबीनची पोती चाकूरवरून लातूरच्या आडतीला पोचती केली, ती भंगारात जाताना पाहण्याचे धैर्य माझ्यापाशी नव्हते. विमा सरलेला, योग्यता प्रमाणपत्राची मुदत टळलेली. तेव्हा तिला स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर आणणे बेकायदा ठरले असते, म्हणून मालट्रकवर चढवून नांदेडला, माझ्या राहत्या ठिकाणी, आणली.

मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये अर्ज करावा, असा कायदा आहे. मी दोन वर्षे घालवली. ती कसूर सर्वस्वी माझी, आणि तिचा दंड मी बिनतक्रार भरला. मृत्यूचा दाखला, बहिणींची संमतीपत्रे, प्रतिज्ञापत्र असे दस्तऐवज जमवीत असता ध्यानात आले की, कर्ज केव्हाच फिटलेले असूनही त्याचा बोजा नोंदणीत तसाच शाबूत होता. तो उतरविण्यासाठी बँकेचे पत्र आणि नमुना ३५ आणखी जोडावा लागला. एकूण भारित वजन ३,००० किलोच्या आत असल्याने परवान्याची यातायात तेवढी वाचली.

खरी कसोटी सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाची होती. पोलादावरचे ते अंक गंजाच्या थराखाली इतके बुजले होते की, बोट फिरवूनही लागत नव्हते. मी अधीरपणे कानस उचलली, तेव्हा वयोवृद्ध मिस्त्रींनी माझा हात धरला.

"कानस लावू नका, सायेब. आकडा गेला तर गाडीचं नावच गेलं."

घासलेटात भिजवलेल्या चिंधीने त्यांनी ती जागा सकाळभर हळूहळू पुसली आणि मग पातळ कागद दाबून धरून त्यावर पेन्सिल आडवी फिरवली. एकेक अक्षर, एकेक अंक काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा उमटत गेला. जुन्या प्रमाणपत्राशी ते ताडून पाहताना मला गहिवरून आले, हे नमूद करण्यात मला संकोच वाटत नाही.

परिवहन कचेरीच्या आवारात निरीक्षकांनी ब्रेक, दिवे, भोंगा, वायपर, मागच्या परावर्तक पट्ट्या यांचा बारकाईने मुआयना केला आणि गाडी पसंत केली. इतक्या जुन्या मालवाहू गाडीची ही तपासणी आता दरसाल करून घ्यावी लागेल.

नवे प्रमाणपत्र हाती आले तेव्हा मनात एकच भीती होती: गाडी कायदेशीर करण्याच्या खटाटोपात आपण वडिलांचे नाव स्वहस्ते खोडून टाकले. क्रमांक लातूरचाच, एमएच २४, कायम होता. मालक म्हणून माझे नाव होते. आणि त्याच्या लगेच खाली, पित्याच्या नावासाठी राखलेल्या जागी, त्यांचे पूर्ण नाव छापलेले होते. त्याच दुपारी मी लोह्याच्या मार्गाने अहमदपूरला निघालो.