चार इमलीतला तुंबा

भोपाळची चार इमली म्हणजे सरकारी बंगल्यांची शांत वसाहत. इमली म्हणजे चिंच; नावातच चार चिंचा! श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात आई आणि मी तिथे बहिणीकडे मुक्कामाला होतो. सोमवारी सकाळी एकांत पार्ककडे फेरी मारून परतताना एका कुंपणाकडेला पांढरी फुलं दिसली. ‘तुंबा!’ म्हणून शंकराला वाहायला ओंजळभर खुडून आणली.

आईने पाहिलं आणि म्हणाली, ‘हा आपला तुंबा नव्हे.’

मला पटेना. दांडा चौकोनी, पानं समोरासमोर, फुलाचा वरचा ओठ आखूड नि लवदार, खालचा मोठा आणि पसरट. तुळशीच्या कुळाच्या खुणा जुळत होत्या. पण आई बेळगावकडच्या बांधांवर वाढलेली. संध्याकाळी तिला घेऊनच गेले. थोडं पुढे, खडीच्या कोरड्या जागेत, तिचा तुंबाही सापडला. दोन्ही डहाळ्या शेजारी धरल्या तेव्हा फरक कळला.

आपला तुंबा अंगाने बारीक. पान अरुंद, बोटाला खरखरीत. दांड्यावर ठिकठिकाणी फुलांचे घोस, जणू मजल्यावर मजले. दुसऱ्याचं पान रुंद आणि शेंड्याला एकच मोठा गोल गेंद. फुलांच्या मधून पानांसारखी हिरवी छदं डोकावतात. शास्त्रीय नावंही तेच सांगतात. पहिला ल्यूकस अ‍ॅस्पेरा, म्हणजे खरखरीत. दुसरा ल्यूकस सेफॅलोटस, म्हणजे डोकेवाला. द्रोणपुष्पी मात्र दोघांनाही म्हणतात.

आपल्या सीमाभागात मराठीत तुंबा, कानडीत तुंबे. केरळात ओणमच्या फुलांच्या रांगोळीत हाच तुंबा हवा. तिथल्या माळीदादांना विचारलं, तर ते हसून म्हणाले, ‘ये तो गूमा है.’ पावसाळ्यात त्यांच्या घरी कोवळ्या पाल्याची भाजी होते.

मग सहज म्हणाले, ‘परसों सब कटेगा.’

आईचा चेहरा उतरला. ही झाडं वर्षायू. फुलं वाळल्यावर प्रत्येकाच्या तळाशी चार बारीक बिया धरतात. त्या जमिनीवर पडल्या तरच पुढच्या पावसात रोपं. फुलावर असतानाच विळा फिरला, तर पुढल्या श्रावणात त्या जागी काय उगवणार?

‘दिवाली तक रुको ना, भैया,’ आई आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली. ‘पूजा का फूल है.’

माळीदादांनी डोकं खाजवलं. दोन दिवसांनी गवत कापलं गेलं. कुंपणाला लागून हातभर रुंदीची पट्टी मात्र तशीच उभी होती. तिच्यावर मधमाश्या घोंगावत होत्या.

गावी परतल्यावर आईने पहिलं काम केलं ते आमच्या शेताचा बांध पाहण्याचं. तणनाशक मारायला आलेल्या गड्याला तिने दुरूनच हाक मारली, ‘अरे, तेवढा कोपरा सोड बाबा!’