डोमच्या मनोऱ्यावरून

गेल्या उन्हाळ्यात नेदरलँड्समधील उट्रेख्त या शहरी चिरंजीवांकडे महिनाभर राहण्याचा योग आला. नोकरी सोडून तेथेच स्वतःचा व्यापार सुरू करण्याचा त्याचा विचार होता. सांगलीची पेढी त्याने सांभाळावी, ही माझी इच्छा. त्यामुळे दोघांच्या बोलण्यात हा विषय टाळला जात असे.

एके सकाळी तो म्हणाला, ''आप्पा, डोमचा मनोरा चढायचा का?'' सुमारे 112 मीटर उंचीचा हा मनोरा देशातील सर्वांत उंच चर्चमनोरा. पायऱ्या 465, आणि माझे गुडघे साठी उलटलेले! तरीही मार्गदर्शिकेमागून आम्ही निघालो.

दगडी जिना अरुंद व चक्राकार आहे. सुदैवाने मधल्या दालनांत विसावा मिळतो. तेथील 1505 साली ओतलेली साल्व्हाटोर ही घंटा आठ हजार किलोंहून अधिक वजनाची आहे. ती आजही माणसेच दोर ओढून वाजवतात.

वर पोहोचताच वाऱ्याने स्वागत केले. खाली लाल कौलांची दाटी आणि तीतून वळत जाणारा जुना कालवा दिसत होता. काठावरच्या घरांची तळघरे थेट पाण्यालगतच्या धक्क्यावर उघडतात. नावेतून उतरलेला माल पूर्वी तेथूनच वखारीत जाई. मला हरिपूरची हळदीची पेवे आठवली. जमीन निराळी, पाणी निराळे. मात्र माल जपण्याची व्यापाऱ्याची काळजी तीच!

मग लक्ष गेले पायथ्याच्या मोकळ्या चौकाकडे. एका बाजूस मनोरा, समोर चर्च, आणि मध्ये काहीच नाही. मार्गदर्शिकेने कारण सांगितले. मनोरा 1321 ते 1382 अशी एकसष्ट वर्षे खपून उभारला गेला. चर्चचा मधला भाग बांधताना मात्र पैसा अपुरा पडला. भिंतींना द्यावयाचे भक्कम आधार राहूनच गेले. 1 ऑगस्ट 1674 रोजी वादळ आले आणि तेवढाच भाग कोसळला. मनोरा उभा राहिला. ढिगारा पुढे दीडशे वर्षे तसाच पडून होता.

आम्ही दोघेही बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिलो. शेवटी मीच विचारले, ''भांडवल किती जमले आहे?''

त्याने आकडा सांगितला. निम्मी रक्कम कर्जाऊ घ्यावी लागणार होती.

''आणखी दोन वर्षे नोकरी कर,'' मी म्हणालो, ''आधाराची भिंत आधी. मग येथेच सुरू कर.''

''आणि पेढी?''

''मी आहे अजून.''

उतरताना गुडघे फारच दुखले. चिरंजीव दोन पायऱ्या पुढे राहून, मागे वळून वळून मला हात देत होता.