राहिलेला विषय

बीडीएसच्या तिसऱ्या वर्षी माझा एक विषय राहिला होता, ओरल पॅथॉलॉजी. बाकी मार्कही जेमतेमच. साताऱ्यात परतल्यावर पोवई नाक्यावरच्या एखाद्या क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून राहायचं, असं घरचे धरून चालले होते. मीसुद्धा.

पण नीट एमडीएसला बीडीएसचे मार्क धरत नाहीत. २४० प्रश्न, ३ तास; बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. रँक ठरते ती एवढ्यावरच. दुसऱ्या खेपेला माझी आली, तीही मधलीच. ऑर्थो, सर्जरी केव्हाच संपलेलं. सांगलीत उरलं होतं ओरल पॅथॉलॉजी!

"म्हणजे पेशंट नाहीत, नुसत्या काचा बघायच्या? आणि ३ वर्षं फी भरायची?" बाबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. तरी घेतलं, थोडं हट्टानं, थोडं दुसरं काही हाती नव्हतं म्हणून.

पहिल्याच महिन्यात गालाच्या आतल्या तुकड्याची स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावली. वरच्या थरातल्या पेशी हद्द ओलांडून खोल उतरल्या होत्या. पुस्तकातलं हेच चित्र मला परीक्षेत ओळखता आलं नव्हतं. फॉर्मवर सवयीच्या रकान्यात एकच शब्द होता : मिश्री.

शनिवारी एसटीनं साताऱ्याला आले. आजी पायरीवर बसून बोटानं हिरड्यांना मिश्री लावत होती. माझ्या आठवणीत ती रोजच लावते.

"आजी, चूळ भर आणि आ कर."

"तू तर काचा बघतेस ना गं?" म्हणाली. पण डबी बाजूला ठेवून उठली, चूळ भरून आली. मी मोबाइलचा टॉर्च लावला.