उसनी निकड

कामांची यादी करण्याची आमची खोड जुनी आहे. भेस्तानच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून आल्यापासून तर यादीवाचून आमचा दिवस उगवत नाही. प्रत्येक कामापुढे 'तातडीचे', 'मध्यम' किंवा 'सवडीने' असा शेरा तांबड्या शाईने आम्ही मारतो, आणि शेरा मारला म्हणजे निम्मे काम झाले अशा समाधानात असतो. या समाधानाची किंमत गेल्या वर्षी दुसऱ्याच कुणाला मोजावी लागली, म्हणून हे लिहिणे.

सातवीतली एक मुलगी. वडील यंत्रमागावर कामाला, मूळ गाव नंदुरबारकडचे. तिच्या शिष्यवृत्तीच्या अर्जापुढे आम्ही 'तातडीचे' असे लिहिले होते. त्याच पानावर चार ओळी खाली दुसरी नोंद होती : 'जन्मतारखेची दुरुस्ती, गावाहून जन्माचा उतारा मागवणे.' तिच्यापुढे 'सवडीने'. वास्तविक ती तारीख दुरुस्त झाल्यावाचून अर्ज पुढे सरकणार नव्हता. हे आम्हांस ठाऊक होते, वहीला ठाऊक नव्हते. रोज सकाळी आम्ही वरच्या ओळीची चिंता वाहत होतो, आणि तिला अडवून बसलेली ओळ मात्र सवडीची वाट पाहत होती. अखेर वडिलांनी रोज बुडवून, उधन्याहून गाडी धरून गावाहून उतारा आणला, तेव्हा मुदत संपून तीन दिवस झाले होते.

आमच्या एका तरुण सहकाऱ्यांनी ही हकीकत ऐकली आणि संगणकावर 'टास्कवॉरिअर' नावाची एक विनामूल्य आज्ञावली उघडून दाखवली. तीत प्रत्येक कामाची निकड गुणांनी मोजतात. उच्च प्राधान्यास ६ गुण, मध्यमास ३.९, कनिष्ठास १.८. एखाद्या कामावाचून दुसरे काम अडले असेल, तर अडवणाऱ्या कामास ८ गुण अधिक मिळतात आणि अडलेल्याचे ५ गुण कमी होतात. याखेरीज आणखी एक सोय आहे : अडवणाऱ्या कामाने, आपल्यापायी खोळंबलेल्या कामांपैकी सर्वांत निकडीच्या कामाचे वजन वारशाने घ्यावे. ही सोय मुळात बंद असते. ती आपण सुरू करावयाची. शिवाय कोणते काम कोणावाचून अडले आहे, हेही आपणच सांगावे लागते. यंत्र गुणांची बेरीज करील, नाते मात्र आपणच जोडून द्यावयाचे.

अशी चूक केवळ भेस्तानच्या मास्तराकडूनच होते असे नाही, हे पुढे वाचनात आले. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरले, आणि थोड्याच दिवसांत त्यावरील संगणक आपोआप पुन्हापुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या कनिष्ठ कामाने एक सामाईक साधन अडवून धरले होते. एक उच्च प्राधान्याचे काम त्या साधनासाठी तिष्ठत होते; आणि मधल्या प्रतीचे काम कनिष्ठास बाजूला सारून आपलेच घोडे पुढे दामटीत होते. यावर उपाय असा, की साधन हाती असेपर्यंत कनिष्ठाने वाट पाहणाऱ्याचा दर्जा उसना घ्यावा आणि साधन सोडताच तो परत करावा. गंमत म्हणजे ही सोय तेथेही होतीच, फक्त बंद होती! पृथ्वीवरून ती सुरू करण्यात आली आणि यान सावरले.

मात्र या उसनवारीला मर्यादा हवी. वार्षिक तपासणी तातडीची, म्हणून तिच्या पोटातील वीसही कामे तातडीची ठरवली, तर सारे पान तांबडे होईल आणि तांबड्या शाईला अर्थच उरणार नाही. फायलींना नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या नाहीत, म्हणून तपासणी अडत नाही. तेव्हा निकड द्यावी ती सगळ्या आप्तांना नव्हे, तर ज्याच्यावाचून मोठे काम खरोखर अडते त्यालाच. आणि तीही अडचण असेपर्यंतच.

संगणकापुढे बसण्याइतका उत्साह आमच्या अंगी नाही. म्हणून वहीतच आम्ही एक नवा रकाना आखला आहे : 'यावाचून कोणाचे काय अडले?' गंमत अशी, की हा रकाना भरताना पुष्कळदा कामाऐवजी माणसाचेच नाव लिहिले जाते.

ती मुलगी आता आठवीत आहे. तिची जन्मतारीख नीट झाली आणि यंदाचा अर्जही वेळेत गेला. गेल्या वर्षीची रक्कम मात्र तिला मिळणार नाही. वहीतील ते पान आम्ही फाडलेले नाही.