नदीवरून धांवणारी गाडी

चाकें डोक्यावर आणि पायांखालीं वाहती नदी, अशा गाडींत बसावयाचें असेल तर जर्मनींतील वुपरटाल गांठावें. वुपर नदीचें खोरें अरुंद. दोन्ही कांठांस डोंगर. एकोणिसाव्या शतकांत येथें कापडाच्या गिरण्या वाढल्या, वस्ती दाटली, पण नवे रूळ टाकण्यास जमीन उरली नाहीं. तेव्हां कोलोनचे इंजिनीअर ऑयगेन लांगेन यांच्या योजनेप्रमाणें नदीवरच पोलादी कमानी उभारून त्यांवरील एका रुळाला गाडी टांगली. १९०१ सालीं ती सुरू झाली. तें पाहण्यास लांगेन मात्र हयात नव्हते. १३.३ किलोमीटरांपैकीं सुमारें १० किलोमीटर मार्ग पाण्यावरूनच जातो. वळणावर डबा पाळण्यासारखा झुलतो. नवखा उतारू दचकतो, गांवकरी वर्तमानपत्रांतून मानही वर करीत नाहीं.

या विश्वासाला १२ एप्रिल १९९९ रोजीं तडा गेला. रात्रींच्या कामानंतर रुळावर राहून गेलेल्या एका लोखंडी पकडीवर आदळून सकाळची गाडी नदींत कोसळली. पांच जण दगावले. गाडी पुढें पुन्हां सुरू झाली व आजही धांवते. परंतु पोलाद कितीही बळकट असलें, तरी काम आटोपल्यावर रुळावरून एकदां नजर फिरविणाऱ्या माणसावरच उतारूंचे प्राण टांगलेले असतात.